उणे २७३: एका रेषेचा आंतरछेद



दोन बिंदू दिले आहेत. त्यांतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढा आणि तिचे दोन्ही अक्षांवरील आंतरछेद सांगा. इथे बसलेल्या बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला आहे. आधी चढ काढायचा, मग समीकरण मांडायचे. क्ष शून्य धरला की रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते ते कळते, य शून्य धरला की आडव्या अक्षाला कुठे छेदते ते कळते. उत्तराखाली रेघ ओढून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर हेच शिकवले. म्हणून आज मी हाच प्रश्न घेणार आहे, तोही एकच. पण त्यातले दोन बिंदू अचूक मोजायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्याचा एक आंतरछेद अशा जागी निघाला की तिथे आजवर कोणी पोहोचलेले नाही.

एका काचेच्या भांड्यात कोरडी हवा कोंडा. भांड्याची रचना अशी हवी की आतली हवा पसरू किंवा आक्रसू शकेल, पण तिच्यावरचा दाब कायम राहील. भांडे वितळत्या बर्फात ठेवा. तापमान शून्य अंश सेल्सिअस. या वेळी हवेने जितकी जागा व्यापली असेल तिला आपण १०० म्हणू. आता तेच भांडे उकळत्या पाण्यात ठेवा. तापमान १०० अंश. हवा फुगते आणि १३६.६ जागा व्यापते. आलेख कागदावर आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर आकारमान घेतले, तर आपल्या हाती दोन बिंदू आले: (०, १००) आणि (१००, १३६.६).

चढ काढू. आकारमान ३६.६ ने वाढले, तापमान १०० ने वाढले. म्हणून चढ ०.३६६. समीकरण झाले य = ०.३६६ क्ष + १००. क्ष शून्य धरला तर य १०० येतो, म्हणजे उभ्या अक्षावरचा आंतरछेद १००. यात नवीन काही मिळाले नाही, ही संख्या आपणच ठरवलेली आहे. आता य शून्य धरा. क्ष = −१०० ÷ ०.३६६, म्हणजे सुमारे −२७३.२.

इथे घाई करून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. या उत्तराचा अर्थ काय? शून्याच्या खाली २७३ अंशांवर हवेचे आकारमान शून्य होईल, असे ही रेषा म्हणते. त्याच्याही खाली गेलो तर य ऋण येतो. ऋण जागा व्यापणारी हवा असू शकत नाही. याचा अर्थ आडव्या अक्षावर, डावीकडे कुठेतरी, तापमानालाच सीमा आहे. वरच्या बाजूला तशी सीमा या रेषेत कुठेच दिसत नाही. बर्फ आणि उकळते पाणी एवढ्या घरगुती सामानातून थंडीचा तळ सापडतो, आणि तो सापडतो केवळ रेषा अक्षापर्यंत वाढवल्यामुळे.

आता भांडे बदलून पाहा. मोठे भांडे घ्या, शून्य अंशाला २५० जागा व्यापणारी हवा घ्या. शंभर अंशांना ती ३४१.५ होईल. चढ ०.९१५, समीकरण य = ०.९१५ क्ष + २५०. उभ्या अक्षावरचा आंतरछेद बदलला, चढही बदलला. पण २५० ला ०.९१५ ने भागा: पुन्हा २७३.२. हवेऐवजी हायड्रोजन घ्या, नायट्रोजन घ्या, कमी घ्या, जास्त घ्या. प्रत्येक वेळी नवी रेषा मिळते, कोणी उभी चढणारी तर कोणी सपाटीला लागलेली, आणि त्या सगळ्या डावीकडे वाढवल्या की जवळजवळ एकाच बिंदूत येऊन मिळतात. उभ्या अक्षावरचा आंतरछेद तुमच्या भांड्याविषयी सांगतो, आडव्या अक्षावरचा निसर्गाविषयी. शाळेत आपण दोन्ही एकाच दमात काढतो आणि त्यांना सारखेच गुण मिळतात. पण दोन्हींचे मोल सारखे नसते, हे मुलांना सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक आंतरछेदामागे असा अर्थ असतोच असे मात्र नाही. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन मापांचा संबंधही सरळ रेषेचाच आहे. बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२), चढ १.८, समीकरण य = १.८ क्ष + ३२. आडव्या अक्षावरचा आंतरछेद येतो −१७.८. त्या तापमानाला निसर्गात काहीही विशेष घडत नाही. फॅरनहाइट यांनी आपल्या मापाचा शून्य जिथे धरला ती ही जागा, एवढेच. कृती दोन्हीकडे सारखीच आहे. एका उत्तरामागे विश्वाची सीमा आहे, दुसऱ्यामागे एका कारागिराची सोय, आणि समीकरणाकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही.

ही रेषा प्रथम डावीकडे वाढवण्याचा विचार केला तो फ्रान्सच्या गिलोम आमोंतों यांनी. लहानपणीच त्यांचे ऐकू येणे गेले होते. हवेच्या तापमापीवर काम करताना १७०२ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. मग तापमान उतरत गेले तर कुठेतरी दाब उरणारच नाही. त्यांच्या आकड्यांवरून आजच्या मापात ती जागा उणे २४० च्या आसपास येते. पुढे योहान लँबर्ट यांच्या १७७९ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती उणे २७० पर्यंत आली. त्या काळी तापमापीवरच्या खुणा जागोजागी वेगळ्या होत्या हे लक्षात घेतले, म्हणजे या आकड्यांचे नवल वाटते.

जाक शार्ल आणि जोसेफ गे-ल्युसॅक ही पुढची दोन नावे पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना माहीत असतात. दोघेही बलूनमधून आकाशात गेलेले. शार्ल १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसमधून हायड्रोजनच्या बलूनने वर गेले. गे-ल्युसॅक १८०४ मध्ये एकटेच सुमारे सात हजार मीटर उंचीवर पोहोचले. शार्ल यांनी वायूंच्या प्रसरणाचे प्रयोग केले होते, पण छापले काहीच नाही. गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि शार्ल यांचे ऋण त्यात नोंदवले. त्या नोंदीमुळेच आज वायूंच्या प्रसरणाचा नियम शार्ल यांच्या नावाने ओळखला जातो. आधीच्या प्रयोगकर्त्यांची गफलत कुठे झाली हेही गे-ल्युसॅक यांनी ओळखले: भांड्यात पाण्याचा अंश राहत असे, तो तापल्यावर वाफ होई आणि हवा फुगली त्यापेक्षा अधिक फुगल्यासारखी दिसे. त्यांनी वायू सुकवून घेतले. त्यांचा दुसरा बिंदू आला (१००, १३७.५).

आता हा बिंदू घेऊन आंतरछेद काढा. चढ ०.३७५, आंतरछेद −२६६.७. आपल्या मघाच्या उत्तराहून साडेसहा अंशांनी वेगळा. आणि दोन बिंदूंत फरक किती होता? १३६.६ आणि १३७.५, म्हणजे शंभरात एकालाही कमी. एवढ्याशा चुकीने एवढा फरक का पडावा?

गवंडी दोन खुंट्यांना दोरी बांधून भिंतीची ओळ धरतो, तेव्हा त्या खुंट्या जमेल तितक्या लांब ठोकतो. खुंट्या जवळजवळ असल्या आणि त्यांतली एक बोटभर सरकली, तर भिंतीच्या टोकाला ओळ हातभर चुकते. आपले दोन बिंदू एकमेकांपासून शंभर अंशांवर आहेत, आणि आपण रेषा वाढवतो आहोत त्याच्या पावणेतीनपट लांब. बिंदूतली चूक तिकडे पोहोचेपर्यंत फुगत जाते. चढात शंभरात एक एवढी चूक झाली, तर आंतरछेद पावणेतीन अंशांनी ढळतो.

हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेला करून पाहता येईल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळते. तिथल्या विद्यार्थ्याने पाणी उकळले म्हणजे तापमान १०० झाले असे धरून दुसरा बिंदू मांडला, तर हवा प्रत्यक्षात जवळपास १३५ पर्यंतच फुगलेली असेल. चढ येईल ०.३५, आणि आंतरछेद उणे २८६ च्या आसपास. म्हणजे थंडीचा तळ तेरा अंशांनी खाली गेला, आणि कारण काय, तर सह्याद्रीची उंची! समीकरण काढताना मुलाची काहीच चूक झालेली नसेल. चूक आहे ती बिंदूच्या पहिल्या निर्देशकात, जो त्याने मोजला नाही, गृहीत धरला. असे प्रयोग आपल्या शाळांत झाले पाहिजेत. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शाळांनी आपापले आंतरछेद एकमेकांना कळवले, तर भूमिती आणि भूगोल एकाच आलेख कागदावर येतील.

पुन्हा इतिहासाकडे येतो. स्वीडनच्या फ्रेडरिक रुडबर्ग यांनी १८३० च्या दशकात वायू आणखी कसोशीने सुकवून दाखवले की गे-ल्युसॅक यांचा आकडा मोठा आहे, वाढ साडेछत्तीसच्या आसपासच भरते. त्यानंतर पॅरिसचे हेन्री व्हिक्टर रेन्यो यांनी १८४० च्या दशकात जे काम केले, त्याच्या चिकाटीपुढे मला नेहमी मान लववावीशी वाटते. काचेचे प्रसरण, पाऱ्याचे प्रसरण, त्या दिवशीचा हवेचा दाब, सगळे हिशेबात घेऊन त्यांनी एकेका वायूचा चढ ठरवला. हायड्रोजनची वाढ ३६.६१, हवेची ३६.७१, कार्बन डायऑक्साइडची ३७.१. याचा अर्थ, सगळ्या रेषा अगदी एकाच बिंदूत मिळत नाहीत. कार्बन डायऑक्साइडची रेषा अक्षाला उणे २६९.५ च्या आसपासच छेदते. मघा मी ‘जवळजवळ’ म्हणालो ते यासाठी.

मग खरा आंतरछेद कोणता मानायचा? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका आंतरछेदातून मिळाले. भांड्यातला वायू जितका विरळ करत जावा, तितके वेगवेगळ्या वायूंचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. विरळ वायूत रेणू दूरदूर असतात, त्यांचे परस्परांवरचे आकर्षण जाणवेनासे होते आणि प्रत्येक वायू दुसऱ्या वायूसारखाच वागतो. तेव्हा असे करायचे: आकारमान कायम ठेवून उकळत्या पाण्यातला दाब आणि बर्फातला दाब यांचे गुणोत्तर मोजायचे. मग थोडा वायू काढून टाकायचा, पुन्हा मोजायचे, आणि असेच पुढे. आडव्या अक्षावर बर्फातला दाब, उभ्या अक्षावर हे गुणोत्तर. प्रत्येक वायूची एक रेषा मिळते, आणि या वेळी ती उभ्या अक्षापर्यंत वाढवायची. सर्व वायूंच्या रेषा उभ्या अक्षाला एकाच ठिकाणी छेदतात: १.३६६१. दाब शून्य म्हणजे भांड्यात वायूच नाही. त्या बिंदूवर तापमापीच शिल्लक नाही, तरी तिचे सर्वांत अचूक वाचन तिथेच मिळते. आता या गुणोत्तरातून पहिला आंतरछेद काढा: १०० ÷ ०.३६६१ = २७३.१५. म्हणजे थंडीचा तळ अचूक गाठण्यासाठी आधी एक वेगळा आंतरछेद काढावा लागला, आणि तोही थेट मोजता न येणारा.

इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे मान्य, पण निसर्ग रेषेवरूनच चालतो हे कशावरून? प्रश्न अगदी योग्य आहे. पाण्याचेच पाहू. २० अंशांना एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान ९९८.२ किलो असते, १० अंशांना ९९९.७. या दोन बिंदूंतून रेषा काढली तर चढ −०.१५, आणि शून्य अंशाला, म्हणजे उभ्या अक्षावर, १,००१.२ मिळायला हवे. प्रत्यक्षात तिथे ९९९.८ मिळते. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. दहा आणि वीस अंशांवरच्या दोन बिंदूंना याची कल्पनाही नसते. रेषा काढण्यात चूक नाही, आंतरछेद काढण्यात चूक नाही, तरी उत्तर खोटे. म्हणून रेषा वाढवण्याचा हक्क दोन बिंदूंवरून मिळत नाही. तो मधले बिंदू मोजून आणि रेषा सरळ का असावी याचे कारण समजून घेऊन मिळवावा लागतो. वायूंच्या बाबतीत ते कारण क्लॉझियस आणि मॅक्सवेल यांनी १८५७ ते १८६० च्या दरम्यान स्पष्ट केले: वायूचा दाब म्हणजे भिंतींवर आपटणाऱ्या रेणूंचा मारा, आणि तापमान हे त्यांच्या गतिज ऊर्जेचे माप. मग दाब आणि तापमान यांचा संबंध सरळ रेषेचा येणार यात नवल उरत नाही.

तरीही ही रेषा टोकापर्यंत चालून पाहता येते का? नाही. वाटेत वायूच संपतो. १८८३ मध्ये क्राकूव्हच्या व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी ऑक्सिजनचा द्रव करून तो भांड्यात शांतपणे उकळताना पाहिला. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो, नायट्रोजन उणे १९६ ला. १८९८ मध्ये लंडनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला, उणे २५३ ला. सर्वांत चिवट ठरला हेलियम. १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधल्या लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी तोही द्रवरूप केला, उणे २६९ अंशांना. आंतरछेद आता फक्त चार अंशांवर होता. पण ते चार अंश पार करता येत नाहीत. वाल्थर नेर्न्स्ट यांनी १९१२ मध्ये मांडले की कितीही टप्पे घेतले तरी त्या बिंदूपर्यंत पोहोचता येणार नाही. जवळ मात्र जाता येते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले की शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.०००५३ केल्व्हिन तापमानाला अतिसंवाहक होतो. आपल्या आलेखात ही जागा आंतरछेदाला इतकी चिकटून येते की पेन्सिलीच्या टोकाने दोन्ही एकदमच झाकले जातील.

‘केल्व्हिन’ हा शब्द आला, तेव्हा विल्यम थॉमसन यांच्याकडे वळतो. जन्म बेलफास्टचा, १८२४ चा. बाविसाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक. त्याआधी पॅरिसला रेन्यो यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेले. १८४८ च्या आपल्या निबंधात त्यांनी तापमानाचे असे माप सुचवले की जे कोणत्याही एका पदार्थावर अवलंबून राहणार नाही. त्याच निबंधात, ओघात, आपण मघा केला तोच भागाकार आहे: उणे शंभर भागिले ०.३६६, उत्तर उणे २७३. पुढे या शून्यापासूनच मोजणी सुरू करणारे माप त्यांच्या नावाने रूढ झाले. केल्व्हिन ही विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या त्याच नावाच्या नदीवरून त्यांना मिळालेली पदवी.

भूमितीच्या भाषेत हे साधे स्थानांतर आहे: आरंभबिंदू उचलला आणि आंतरछेदावर नेऊन ठेवला. पण परिणाम पाहा. समीकरणातले १०० नाहीसे झाले. नव्या तापमानाला ट म्हणू; मग य = ०.३६६ ट, बाकी काही नाही. रेषा आरंभबिंदूतून जाऊ लागली आणि संबंध निव्वळ प्रमाणाचा झाला. आता त्रैराशिक चालते. २७३ ला १०० जागा, तर ३०० ला किती? १०९.९. सेल्सिअसच्या मापात असे त्रैराशिक मांडता येत नाही. २० अंश हे १० अंशांच्या दुप्पट गरम नसतात. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या लीलावतीत सांगितले आहे की हे सारे गणित त्रैराशिकाने व्यापलेले आहे.  त्रैराशिकाची अट एकच, शून्याला शून्य जुळले पाहिजे. वायूच्या बाबतीत तो शून्य कुठे आहे हे शोधायला आंतरछेद काढावा लागला.

आता शेवटची गोष्ट, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. एकोणिसाव्या शतकात दिलेले बिंदू होते बर्फ आणि उकळते पाणी, आणि काढायचा होता तो आंतरछेद. थॉमसन यांनी १८५४ मध्ये सुचवले की मापाला दोन बिंदूंची गरज नाही, निरपेक्ष शून्य, म्हणजे आपला थंडीचा तळ, आणि आणखी एक बिंदू पुरे. जगाने ते स्वीकारले बरोबर शंभर वर्षांनी. १९५४ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पहिला बिंदू ठरला निरपेक्ष शून्य. दुसरा ठरला, बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र समतोलात राहतात ते तापमान, २७३.१६ केल्व्हिन. जो बिंदू काढायचा होता तो दिलेला झाला, आणि दिलेले उकळते पाणी मोजून काढायची गोष्ट झाली. २० मे २०१९ पासून तोही दुसरा बिंदू गेला. आता आडव्या अक्षावर निरपेक्ष तापमान आणि उभ्या अक्षावर ऊर्जा घेतली, तर आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचा चढच ठरवून दिलेला आहे. तो बोल्ट्झमन यांचा स्थिरांक: १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात, ज्यूल प्रति केल्व्हिन. दोन बिंदूंवरून रेषा, मग आरंभबिंदू आणि एक बिंदू यांवरून रेषा, आणि आता आरंभबिंदू आणि चढ यांवरून रेषा. पाठ्यपुस्तकातल्या त्या प्रकरणात ही समीकरणे एकापाठोपाठ एक येतात. तापमानाच्या मापाला त्यांतून जायला पावणेतीनशे वर्षे लागली. आणि या नव्या मापाने समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला उकळणाऱ्या पाण्याचे तापमान मोजले, तर ते शंभर भरत नाही, ९९.९७ अंश सेल्सिअस भरते.